मुलांना मदत करायला कसं शिकवायचं? पहिली ते पाचवीच्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या पट्ट्यात प्राथमिक शाळेत शिकवताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. कधी पालकसभेत, कधी शिक्षकांच्या खोलीत, तर कधी फाटकापाशी नातवंडांना न्यायला आलेल्या आजी-आजोबांकडून. ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. आपली कुणाला तरी खरी गरज आहे हे मुलाला कळलं, की ते मनाने सावरतं आणि चार माणसांत रमतं. म्हणून खालच्या उत्तरांत कार्यक्रम कमी आणि रोजची कामं जास्त दिसतील.

मदत करायला मुद्दाम शिकवावं लागतं का?

सुरुवात तरी शिकवावी लागत नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली दीड वर्षाच्या बाळांसमोर साधे प्रसंग उभे केले. माणसाच्या हातून वस्तू पडते आणि त्याचा हात तिथे पोचत नाही. किंवा दोन्ही हातांत सामान आहे आणि कपाटाचं दार बंद आहे. कुणी न सांगता, न चुचकारता बहुतेक बाळांनी कुठे ना कुठे मदत केली. आपल्या घरातही हेच दिसतं. दोन वर्षांची मुलगी केरसुणी ओढत आईच्या मागे फिरते, आजी मेथी निवडायला बसली की शेजारी फतकल मारते.

मग सातव्या वर्षी तीच मुलगी "मी का करू?" असं का म्हणते? मधल्या काळात तिने काय ऐकलंय ते आठवून पाहा. "राहू दे, सांडशील." "लुडबुड करू नकोस." "तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो." आपण हे प्रेमापोटीच म्हणतो, सकाळच्या घाईत म्हणतो, पण त्यातून मुलाला आपली इथे गरज नाही हाच निरोप पोचतो. शिकवायच्या गोष्टी खरं तर तीनच आहेत: समोरच्याला काय हवंय ते ओळखणं, त्याला विचारणं आणि हातात घेतलेलं काम शेवटपर्यंत नेणं.

मदत केल्याने मूल खरंच आनंदी होतं, की आपल्यालाच तसं वाटतं?

खरंच होतं, आणि हे तपासून पाहिलेलं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला गेला आणि मग तो एका बाहुलीला देण्याची संधी मिळाली. मुलांचे चेहरे पाहून आनंद मोजला, तेव्हा खाऊ मिळताना होती त्यापेक्षा तो देताना मुलं जास्त खूश दिसली. त्यातही आपल्या वाटणीचा खाऊ देताना अधिक. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला.

त्याच शहरात, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास शिक्षकांना जास्त उपयोगी आहे. ९ ते ११ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने चार आठवडे दर आठवड्याला तीन चांगली कामं कुणासाठी तरी करायची होती. दुसऱ्याने दर आठवड्याला तीन ठिकाणी फिरून यायचं होतं. आनंद दोन्ही गटांचा वाढला. मात्र वर्गात "याच्याबरोबर मला काम करायला आवडेल" असं सोबत्यांनी मदत करणाऱ्या गटातल्या मुलांविषयी सांगण्याचं प्रमाण जास्त वाढलं. वर्गात एकटं पडणं हे या वयातलं मोठं दुःख असतं. त्यावर इतका स्वस्त उपाय असेल तर तो करून पाहायला काय हरकत आहे?

एका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं. सुरुवात कुठून करू?

परिपाठापासून करा. रोज सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा होते. आठवड्यातून दोनदा बोधकथेच्या जागी एकच प्रश्न विचारा: काल तुला कुणी मदत केली? "तू कुणाला केलीस?" असं मुद्दाम विचारू नका. तसं विचारलं की मुलं बढाया मारतात, नाहीतर गोष्टी रचतात. मिळालेल्या मदतीविषयी विचारलं की मूल दुसऱ्याचं नाव घेतं, आणि ज्याचं नाव वर्गापुढे घेतलं जातं त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. वर्गात कधीच कुणाच्या लक्षात न येणारी, शेवटच्या बाकावरची शांत मुलं अशा वेळी अचानक पुढे येतात. कुणी पेन्सिलला टोक करून दिलेलं असतं, कुणी शिंकताना रुमाल दिलेला असतो.

दुसरी गोष्ट कामांची. फळा पुसणं, खिडक्या उघडणं, पोषण आहार वाटताना ताटं पुढे करणं, झाडांना पाणी घालणं, वह्या गोळा करणं ही कामं हुशार मुलांची मक्तेदारी होऊ देऊ नका. बहुतेक वर्गांत तीच पाच-सहा मुलं सगळीकडे दिसतात, कारण ती पटकन करतात. दर सोमवारी चिठ्ठ्या काढा. ज्याला वाचायला जड जातं त्याच्याकडे ग्रंथपेटीची किल्ली द्या. जो सारखा उठून फिरतो त्याला निरोप्या करा. उनाड म्हणून ओळखला गेलेला मुलगा कामाची जबाबदारी मिळाली की किती सरळ वागतो, हे प्रत्येक जुन्या शिक्षकाने पाहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे मदत मागायचा सराव, आणि तोच सर्वात जास्त राहून जातो. "बाई, मला हे जमत नाही" असं म्हणायला मुलं लाजतात, चौथी-पाचवीत तर फारच. फळ्याच्या कोपऱ्यात "मला हवंय" अशी जागा ठेवा. तिथे कुणी लिहील: भागाकार समजला नाही. कुणी लिहील: ताप आला होता, परिसर अभ्यासाची वही हवी. मधल्या सुट्टीपर्यंत कुणीतरी ते पुसून टाकतं. आपली अडचण उघडपणे सांगता येणं ही मनाच्या स्वास्थ्याची पहिली पायरी आहे, आणि जो मागायला शिकतो तो दुसऱ्याची अडचणही लवकर ओळखतो.

एवढं पुरे. यासाठी वेगळी तासिका लागत नाही.

यात अभ्यास मागे पडणार नाही का?

नाही पडत. २०११ साली जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत भावना ओळखणं, इतरांशी नीट वागणं, भांडण मिटवणं अशा गोष्टी शिकवल्या जात होत्या. एकूण विद्यार्थी २ लाख ७० हजार. उपक्रमात असलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी सरासरी ११ शतमकांनी वर गेली. म्हणजे शंभरात बरोबर मधोमध उभं असलेलं मूल, खालून मोजलं तर, एकसष्टाव्या जागेपर्यंत वर गेलं असं समजा. ज्या मुलाला वर्गात सुरक्षित वाटतं त्याचं लक्षही फळ्याकडे राहतं.

मदत केली की स्टार, चॉकलेट किंवा प्रमाणपत्र द्यावं का?

मी देत नाही, आणि देऊ नये असंच सांगते. वर ज्यांचा उल्लेख केला त्याच दोन संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर हेही पाहिलं. मदतीबद्दल ज्यांना खेळणं-वस्तू मिळत गेली, ती मुलं बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती करत राहिली. वर्गात याचा पुढचा अंक दिसतो: मुलं मुद्दाम दुसऱ्याची पेन्सिल खाली पाडतात आणि उचलून देऊन स्टार मागतात.

मग काय द्यायचं? मदतीचा परिणाम दाखवून द्यायचा. "शहाणं बाळ" म्हणण्यापेक्षा "तू वही दिलीस म्हणून तिचा गृहपाठ पूर्ण झाला, आज ती रडली नाही" हे वाक्य जास्त दिवस टिकतं. पाठीवर हात, मनापासून "बरं झालं तू होतास" एवढंही चालतं. त्याला किंमत चिकटवू नका.

वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करायचा आहे. चांगलं ना?

हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण केक घेऊन जाणाऱ्या मुलाच्या नव्हे, तिथे रांगेत बसलेल्या मुलाच्या जागी क्षणभर बसून पाहा. दर रविवारी कुणाचा तरी केक येतो, अनोळखी मुलासाठी टाळ्या वाजवाव्या लागतात आणि फोटोला हसावं लागतं. त्या मुलाच्या वाट्याला फक्त घेणं येतं. आणि आपल्या मुलाला काय कळतं? जगात देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे, आणि आपण देणाऱ्यांतले. सात-आठ वर्षांच्या वयात ही समजूत पक्की झाली तर पुढे मोडायला फार कठीण जाते.

द्यायचंच असेल तर आधी संस्थेला फोन करून नेमकं काय लागतं ते विचारा. बहुतेकदा उत्तर केक नसतं. डाळ, साबण, वह्या किंवा बूट असतं. तुमच्या मुलाला त्याच्या खाऊच्या पैशांतून त्यातलं काहीतरी घेऊ द्या, पिशवी त्यालाच उचलू द्या, आणि ती गाजावाजा न करता पोचवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेणाऱ्या मुलाचा चेहरा दिसेल असा फोटो टाकू नका. शाळांनाही माझी हीच विनंती आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाला गणवेश किंवा दप्तर मिळालं, तर ते त्याच्या हातात मुख्याध्यापकांच्या खोलीत द्या, प्रार्थनेच्या मैदानावर नको.

आम्ही दोघंही नोकरीला. घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. वेळ कुठून आणू?

वेगळा वेळ काढू नका, घरातलं एक काम पूर्णपणे मुलाच्या ताब्यात द्या. "जरा मदत कर" असं सांगितलेलं काम मुलाला आपलं वाटत नाही. "पाण्याच्या बाटल्या भरणं तुझं" असं म्हटलं, आणि एक दिवस त्या भरल्या गेल्या नाहीत म्हणून सगळ्यांना कोमट पाणी प्यावं लागलं, तर ते काम खरं आहे हे त्याला कळतं. पहिली-दुसरीच्या मुलाला ताटं-वाट्या मांडणं, चपलांचा जोड लावणं, मोज्यांच्या जोड्या करणं, कुंडीला पाणी घालणं जमतं. तिसरीपासून शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, डबा स्वतः धुणं, आजीच्या गोळ्यांची वेळ आठवून देणं (गोळ्या काढून देणं मोठ्यांनीच करावं). पाचवीतलं मूल खालच्या दुकानातून दूध आणून हिशेब देऊ शकतं.

काम सुरुवातीला वाकडंतिकडं होईल. त्याच्या पाठीमागून ते पुन्हा नीट करू नका, निदान त्याच्या देखत तरी.

आणि एक गोष्ट जिना उतरता उतरता होते. वॉचमनकाका, घरकाम करणाऱ्या ताई, कचरा नेणारे दादा यांना मुलाने नावाने ओळखावं, नमस्कार करावा. मोठी माणसं त्यांच्याशी कोणत्या स्वरात बोलतात ते मूल रोज ऐकत असतं, तेव्हा हा धडा आपल्यापासूनच सुरू होतो.

माझी मुलगी सगळ्यांचं करते आणि सगळे तिचा फायदा घेतात.

या प्रश्नावर मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण तो जवळजवळ नेहमी मुलीबद्दल येतो. घरात धाकट्याला सांभाळायचं, पाहुण्यांना पाणी द्यायचं, आई दमली की चहा टाकायचा, सगळं मुलीनेच. भाऊ तिथेच बसलेला असतो. मग शाळेतही तीच दुसऱ्याचं दप्तर उचलते आणि दुसऱ्याचा प्रकल्प रंगवते. हिला मदतीचे धडे देण्याची गरज नाही. तिला "आत्ता नाही जमणार" हे वाक्य शिकवा आणि घरी ती ते म्हणेल तेव्हा ऐकून घ्या. उलट उत्तर म्हणून त्याकडे पाहू नका.

खरी मदत ओळखायची एक सोपी खूण मुलांना सांगते: काम करून झाल्यावर मनात हलकं वाटतं का, की भीती किंवा राग उरतो? "नाही दिलं तर ती माझ्याशी बोलणार नाही" म्हणून दिलेला डबा ही मदत नव्हे. आणि भावाच्या हातात आजच ताटं द्या. प्राथमिक शाळेच्या वयातच हे सोपं असतं, आठवीत नाही.

परीक्षेत उत्तर दाखवलं तर ती मदत का नाही?

कारण उद्या त्याला ते गणित येणार नाही. मुलांना हे लगेच पटतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवणं ही मदत, असं सांगितलं की वादच संपतो.

आमचा मुलगा कुणाला काही देतच नाही. स्वार्थी झालाय का?

सहा-आठ वर्षांच्या मुलाला हे लेबल लावू नका. आधी साध्या गोष्टी पाहा. झोप पुरते का? सकाळी काही खाऊन निघतो का? घरी नुकतं दुसरं बाळ आलंय का, भांडणं चालू आहेत का? नुकतंच गाव सोडून, शाळा बदलून आलेलं मूल आपली वस्तू घट्ट धरून ठेवतं, कारण तेवढीच त्याची असते. काही मुलांना समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही. त्यांना "त्याला वाईट वाटलं असेल" हे शब्दांत सांगावं लागतं. अशा मुलांशी माणसांपासून सुरुवात न करता रोप किंवा मांजराचं पिल्लू यांच्यापासून केली तर पुष्कळदा जमतं.

वर्गात एक दिव्यांग मुलगा आहे. सगळे त्याला मदत करतात. पुरेसं आहे का?

अर्धं झालं. पहिला नियम: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याची चाकाची खुर्ची न विचारता ढकलणं म्हणजे आपल्याला कुणी न विचारता उचलून नेण्यासारखं आहे. दुसरा नियम, तोही कुणाला तरी मदत करणारा हवा. त्याला पाढे येत असतील तर तो शिकवील, आवाज चांगला असेल तर परिपाठ घेईल. सतत फक्त घेत राहणं माणसाला आतून खचवतं, मग वय कितीही असो. खास प्रशिक्षणाची किंवा उपचारांची गरज असेल तर नवी मुंबई महानगरपालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र याच कामासाठी आहे. पालकांना त्याची माहिती नसेल तर शिक्षकांनी सांगावी.

कुणाला चिडवत असतील तर मुलाने मध्ये पडावं का?

मारामारीत पडू नये. पण तीन गोष्टी कोणतंही मूल करू शकतं. चिडवणाऱ्याला हसून साथ द्यायची नाही. ज्याला चिडवलं त्याच्याजवळ जाऊन "चल, डबा खाऊ" म्हणायचं. आणि बाईंना किंवा सरांना सांगायचं. शेवटचं केलं की बाकीचे "चहाडखोर" म्हणतात, म्हणून वर्गात आधीच स्पष्ट करा: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं वेगळं, कुणाला वाचवावं म्हणून सांगणं वेगळं. हे सांगितल्यावर शिक्षकाने त्यावर खरंच काहीतरी केलं पाहिजे. एकदा "जा, जागेवर बस" म्हटलं की ते मूल पुन्हा येत नाही.

अनोळखी माणसाने मदत मागितली तर?

इथे मुलांना घोकून घ्यावा असा एकच नियम द्या: मोठी माणसं मदत मोठ्यांकडे मागतात. हरवलेलं कुत्रं शोधायला, पत्ता दाखवायला, पिशवी गाडीपर्यंत न्यायला कुणी मोठा माणूस लहान मुलाला हाक मारत असेल, तर थांबायचं नाही, ओळखीच्या मोठ्या माणसाकडे जायचं. यात उद्धटपणा नाही. कुणी स्पर्श केला आणि "हे आपलं गुपित" म्हणालं, तर ते गुपित त्याच दिवशी घरी सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ असावा, तो फुकट लागतो.

पाण्याचंही इथेच सांगते. आपल्याकडे खाडी आहे, भरतीचं पाणी अडवणारे धारण तलाव आहेत, पावसाळ्यात गटारं भरून वाहतात. कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारायची नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, लांबूनच दोरी, ओढणी किंवा रिकामा डबा फेकायचा, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावायचा. मदत करायला निघालेली मुलंही बुडतात, म्हणून हे वर्गात एकदा नव्हे, दर जूनमध्ये सांगायला हवं.

कोणत्या गोष्टी सांगाव्यात?

सावित्रीबाईंची सांगा. १८९७ च्या प्लेगच्या साथीत त्यांनी आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्चला त्यांचं निधन झालं. चौथी-पाचवीला ही गोष्ट पेलते. पहिलीला फक्त त्यांच्या शाळेची सांगावी. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे, हे लहानांना फार आवडतं.

पण आमच्या भागातल्या मुलांना मी सर्वात आधी त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारून यायला सांगते. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडी कामगारांची कितीतरी घरं आहेत, सातारा-सांगलीकडून, जुन्नरकडून आलेली. बाजारात गोणी पाठीवर घ्यायची तर दुसऱ्याचा हात लागतोच. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं आणि १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. आजोबांनी कुणाला हात दिला आणि त्यांना कुणी दिला, एवढं विचारून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी वर्गात ताठ मानेने बोलतं.

खाडीकिनारी स्वच्छता मोहिमेला मुलांना न्यावं का?

लहानांना नको. चिखलात काचा असतात, सुया असतात. त्यापेक्षा हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला न्या. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ साली झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात ही सगळी माहिती मिळते. पक्षी डोळ्यांनी पाहिले की निर्माल्याची पिशवी खाडीत टाकणाऱ्या आपल्याच काकांना मुलं स्वतः अडवतात.

मूल उदास असेल तर दुसऱ्यांना मदत करायला लावल्याने बरं होईल का?

थोड्याशा उदासीला उपयोग होतो. पण दोन-तीन आठवडे मूल खेळायला जात नाही, नीट जेवत-झोपत नाही, सारखं पोट दुखतं म्हणतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही, स्वतःला इजा करण्याचं बोलतं, तर त्याच्यावर आणखी एक काम टाकू नका. आता मदत त्याला हवी आहे. इजा करण्याचं बोललं तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाज वाटून घेऊ नका. आपण स्वतः मदत मागताना मुलाने पाहिलं, तर तेही पुढे मागेल.

पुढच्या पालकसभेत शाळेला काय विचारावं?

गुण विचारून झाल्यावर हे विचारा: माझं मूल मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतं? वर्गात त्याच्याकडे कोणतं काम आहे? काही जमलं नाही तर ते कुणाला सांगतं? शिक्षकांना लगेच उत्तर देता आलं नाही तर रागावू नका, पंधरा दिवसांनी परत या. तोवर त्यांनी नक्की पाहिलेलं असेल.